पटकन सुटणारी गाठ

दिवाळीचे आकाशकंदील उतरले आणि सकाळी नळाचं पाणी बोटांना झोंबायला लागलं, की आमच्या स्काऊट-गाईडच्या व्हॉट्सॲप गटाला जाग येते. एरवी वर्षभर तिथे वाढदिवस साजरे होतात आणि कुणीतरी कुणालातरी हार घालत असतं. परवा मात्र वरून कामाचा निरोप आला. ‘श्रमदान व सेवा शिबिर, सालाबादप्रमाणे. गणवेश इस्त्रीचा असावा.’ ज्या श्रमदानाला इस्त्री लागते, त्याबद्दल मला पहिल्यापासून शंका आहे.

यंदा तो निरोप मलाच आहे. म्हणजे मी नुसतं जायचं नाही, शिबिर घ्यायचं आहे. खैरनार सर मे महिन्यात निवृत्त झाले आणि जाताना एक कापडी पिशवी माझ्या टेबलावर ठेवून गेले. आत शिटी, बॅनर, सुतळीचे दोन गुंडे आणि निळी फाईल. ‘आता तुम्हीच बघा, बाई,’ असं म्हणून ते हात मिळवून गेले, स्काऊटच्या रीतीने अर्थातच डावा. पिशवी सहा महिने कपाटावर होती. पद असं न मागता हातात पडलं, की मी आधी ते जरा लांबून न्याहाळते.

बाहेर आमचं नाशिकचं सिडको उकरलेलं आहे. सिंहस्थ येतोय म्हणून शहरभर रस्ते खणलेत आणि धूळ इतकी आहे, की शाळेच्या कडुनिंबाचा रंग मला आता आठवणीनेच माहीत. पण पहाटे त्या धुळीतूनही एक गार, कोरडा वास येतो आणि मला एकदम सुरगाण्याकडचा कार्तिक आठवतो. कापून आडवं केलेलं भात. उन्हात तापलेला पेंढा. उतारावर करपल्यासारखी दिसणारी, पण खरं तर पिकलेली नागली. आणि पावसाळ्यात कुणाचं ऐकत नसलेले ओहोळ त्या दिवसांत कसे आवाज खाली करून चालत असतात. तीन वर्षांपूर्वीचा तो मोसम. मी तो विसरायचा बऱ्यापैकी प्रयत्न केला होता.

मी गाईडची कॅप्टन कशी झाले, हे सांगितलं पाहिजे. मुख्याध्यापक शिक्षकखोलीत आले तेव्हा मी चहा पीत होते आणि बाकीचे सगळे तास घेत होते. एवढीच माझी पात्रता. मग सात दिवसांचं प्रशिक्षण झालं. तिथे मी शिटीचे अर्थ शिकले, तीन बोटांची सलामी शिकले, आणि मोठ्या माणसांना अर्धी चड्डी घालून गंभीर राहता येतं हेही पाहिलं. छातीवर जितके बिल्ले जास्त, तितका त्या माणसाला तंबूचा खुंटा स्वतः कमी ठोकावा लागतो, हा नियम कुठल्याच पुस्तकात नव्हता, पण मैदानावर काटेकोर पाळला जात होता.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. सकाळी गळ्यातल्या स्कार्फच्या टोकाला एक गाठ मारायची. दिवसभरात कुणासाठी तरी एक चांगलं काम करायचं आणि ते झालं, की गाठ सोडायची. कुणाला सांगायचं नाही, मोबदला घ्यायचा नाही. ज्याने ही कल्पना काढली, त्याला मुलं माहीत होती. आमच्यासारखे मोठे मात्र त्याला माहीत नसावेत.

कारण आम्ही मोठ्यांनी त्या गाठीचं काय केलं? पहिल्या आठवड्यात सकाळी साडेसातला माझा फळा सात मुलींनी पुसला. त्यावर काही लिहिलेलंच नव्हतं. एकीने शेजारच्या काकूंच्या तुळशीला इतकं पाणी घातलं, की तुळस कुजली. तोवर ठीक होतं, मुलं होती. मग वरून फर्मान आलं, की सेवेचा फोटो ॲपवर चढवायचा, ठिकाण आणि वेळ त्यात उमटली पाहिजे. आधीचा एक फोटो, नंतरचा एक फोटो. त्या वर्षी नदीकाठच्या स्वच्छतेला दोन तुकड्या होत्या. पहिलीचं काम झाल्यावर खैरनार सरांनी गोळा केलेला कचरा फेकू दिला नाही. दुसऱ्या तुकडीसाठी राखून ठेवला. ‘त्यांनी काय करायचं मग?’ ते मला म्हणाले आणि त्यांचा चेहरा अगदी न्यायाधीशासारखा होता.

तर असे खैरनार सर. उंच, कडक, मिशीला रंग लावणारे. भूगोल शिकवायचे आणि पाहुण्यांच्या स्वागताचं भाषण इतकं पाठ होतं, की झोपेतून उठवलं तरी ‘लाभले आम्हांस भाग्य’ म्हणाले असते. मला ते जरा पोकळ वाटायचे. जरा म्हणजे बरेच. एका बाबतीत तर त्यांचा हट्ट मला हास्यास्पद वाटायचा, तो म्हणजे गाठींचा. पोत्याचं तोंड बांधायचं, तरी ते स्वतः येऊन तपासायचे. कुणी जोर लावून गाठीवर गाठ मारली, की ओरडायचे.

‘अरे, मढं बांधतोयस का? ओढल्यावर सुटली पाहिजे. सुतळी कापायला लागली तर स्काऊट कसला तू!’

मी मनात म्हणायचे, बंधारा वाहून गेला तरी चालेल, पण गाठ पुस्तकातली पाहिजे.

बंधारा म्हणजे आमच्या शिबिराचा मुख्य सोहळा. सुरगाण्याच्या एका पाड्याजवळ ओहोळावर वनराई बंधारा. सिमेंटची रिकामी पोती नाशिकचा एक बिल्डर द्यायचा, ती वाळू-मातीने भरायची, तोंड शिवल्यासारखं बांधायचं आणि ओहोळात आडवी रचायची. पाणी अडतं, उन्हाळ्याकडे चार दिवस जास्त टिकतं. चांगली गोष्ट आहे, यात वाद नाही. पाड्याचं नाव मात्र मी सांगणार नाही. का, ते पुढे कळेल. सुरगाण्यात पाडे पुष्कळ आहेत आणि ओहोळ त्याहून जास्त.

त्या वर्षी माझ्या पथकात प्रज्ञा होती. नववीतली. बारीक, चष्म्याची, बोलताना समोरच्याकडे सरळ बघणारी. तिचे वडील अंबडला एका कारखान्यात तपासणी विभागात. मशीनमधून आलेला प्रत्येक नग गेजवर लावून बघायचा आणि बरोबर असेल तरच हिरवा टॅग लावायचा, हे त्यांचं काम. मुलीनेही ते घरातूनच उचललेलं. माझ्या फळ्यावर कधी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, तर ती हात वर करायची नाही, नुसती बघत राहायची. मग मलाच मागे वळून पुसावं लागायचं.

तिला राज्य पुरस्कार हवा होता. उगाच नाही. तो मिळाला, की दहावीला वाढीव गुण मिळतात, आणि तिला सरकारी तंत्रनिकेतनात टूल अँड डायचा डिप्लोमा करायचा होता. तिथे जागा थोड्या असतात. ‘खाजगी पप्पांना नाही झेपणार, बाई,’ हे तिने मला एकदाच सांगितलं होतं आणि तेही मी विचारलं म्हणून.

शिबिराच्या दिवशी बस सकाळी अकराला पोचली. ओहोळ रस्त्याखालच्या मोरीतून जातो, तिथेच, रस्त्याच्या अगदी कडेला आमची जागा. दरवर्षीची. मुलं कामाला लागली. पोती झटकली, की सिमेंटचा राखाडी धूर उठायचा आणि सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. फावड्याचा खरखराट, मुलींच्या ओरडण्याचा गलका, वर कापणीला आलेल्या बायकांचं लांबून बघणं. मुलांची साखळी झाली आणि पोतं हातोहात पुढे जायला लागलं, तेव्हा माझाही संशय थोडा वेळ ढिला पडला. मुलं राबत असताना फार सुंदर दिसतात. त्यात त्यांचा दोष नाही.

प्रज्ञा गाठी मारत होती. सरांना हवी तशी गाठ फक्त तिचीच यायची, म्हणून त्यांनी तिला बाकीच्यांना शिकवायला बसवलं होतं. मध्येच ती उठून माझ्याकडे आली.

‘बाई, इथे खाली कातळ आहे.’

‘मग?’

‘कातळाला भेगा आहेत. पाणी खालून चाललंय. आणि अडलं तरी इथे कोण वापरणार? घरं तर वर आहेत. विहीर पण वर आहे, मी मघाशी पाणी प्यायला गेले होते.’

मी पाहिलं. खरंच, रचलेल्या पोत्यांच्या खालून पाणी शांतपणे दुसऱ्या बाजूला निघत होतं, जणू आम्ही तिथे नव्हतोच. पाडा वर, चढणीवर पंधरा मिनिटांवर. मी खैरनार सरांकडे गेले.

‘सर, जागा वर घेतली असती तर?’

‘बाई, वर गाडी जाते का?’

‘आपली बस नाही जात. पण चालत…’

‘पाहुणे चालत जाणार? आणि पाहुणे नसले तर फोटो नाही, फोटो नसला तर बिल्डर पोती देणार नाही.’ त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. ‘एक वाजता येतायत. बॅनर लावून घ्या.’

पाहुणे तीनला आले. तोवर मुलांना पाण्यात पाय सोडून बसायची बंदी होती, बूट खराब होतील म्हणून. ‘लाभले आम्हांस भाग्य’ झालं. पाहुण्यांनी ‘आजची मुलं उद्याचं पाणी आहेत’ असं काहीतरी सांगितलं. आणि मग तो प्रसंग. सरांनीच बसवलेला: सगळी मुलं बंधाऱ्यावर ओळीने उभी, शिटी वाजली, की सगळ्यांनी एकाच वेळी स्कार्फची गाठ सोडायची. व्हिडिओत फार छान दिसतं. सत्तावीस गाठी एका क्षणात.

शिटी वाजली. सव्वीस सुटल्या.

प्रज्ञा हात खाली सोडून उभी होती. मोबाइल धरलेला माणूस ओळीवरून सरकत तिच्याकडे येत होता. मी तिच्या मागेच होते.

‘सोड ना गं,’ मी हळूच म्हटलं.

‘काम झालं नाही, बाई.’

‘अगं, व्हिडिओपुरती.’

मोबाइल आणखी दोन मुली सोडून आला. आणि मी, जी शिक्षकखोलीत बसून या सगळ्या तमाशावर गेली कित्येक वर्षं टोमणे मारत आले, त्या मी पुढे हात घातला आणि तिच्या स्कार्फची गाठ माझ्या बोटांनी सोडली. एका ओढीत सुटली. चांगली बांधलेली होती.

तो व्हिडिओ अजून गटात आहे. त्यात एक क्षण प्रज्ञाच्या गळ्याशी एक बाईमाणसाचा हात दिसतो, मनगटात घड्याळ. कुणाच्या लक्षातही येत नाही. मला मात्र दुसरं काहीच दिसत नाही.

नंतर सेवेच्या वह्या माझ्याकडे सहीला आल्या. सव्वीस वह्यांत एकच वाक्य होतं, सरांनी फळ्यावर लिहून दिलेलं: ‘बंधारा बांधून गावाची पाण्याची सोय केली.’ सत्ताविसाव्या वहीत लिहिलं होतं: ‘पोत्यांच्या गाठी मारल्या. बंधाऱ्याचा उपयोग होईल का, माहीत नाही. गाठ मी सोडली नाही, बाईंनी सोडली.’

मी ते पान किती वेळ बघत बसले, कोण जाणे. मग सर आले, त्यांनी वाचलं आणि खुर्ची ओढून बसले.

‘हे वर नाही जाऊ शकत, बाई. सगळ्यांचा बंधारा एकच आहे. एकीने शंका काढली, की सव्वीस फायली अडकतात. त्यात चार पोरं दहावीला आहेत.’

‘पण तिने खोटं लिहिलेलं नाही.’

‘मी कुठे म्हणतोय लिहिलंय म्हणून?’ ते वैतागले. ‘सोमवारपर्यंत फाईल द्यायची आहे. तुमचं ऐकते ती. समजवा.’

मी तिला समजावलं नाही. तेवढी लाज शिल्लक होती. मी तिला म्हटलं, ‘रविवारी जाऊन बघून येऊ. पाणी अडलं असेल, तर तसं लिही. नसेल, तर तसं.’ ती लगेच तयार झाली. तिच्या वडिलांनी फोनवर फक्त एवढंच विचारलं, ‘मॅडम, बघूनच लिहायचं ना? मग जाऊ दे.’

सुरगाण्यापर्यंत एसटी आणि तिथून जीप. त्या जीपमध्ये आठ माणसांची जागा असते आणि सोळा बसेपर्यंत ती हलत नाही. आमच्या पायाशी कोंबड्यांची पाटी होती. द्राक्षाच्या कामाला खाली दिंडोरीकडे निघालेलं एक कुटुंब कुणालातरी निरोप द्यायला उलट्या दिशेने चाललं होतं. प्रज्ञा गणवेशात नव्हती, पण उन्हासाठी डोक्याला स्कार्फ बांधला होता. त्याच्या टोकाला सकाळची गाठ होती, ती मी पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं.

मोरीपाशी उतरलो आणि दोघी नुसत्या उभ्या राहिलो. बंधारा नव्हता. पोती नव्हती. ओहोळ मोकळा वाहत होता. काठाला ओल्या वाळूचे ढीग पडले होते, कुणीतरी पोती रिकामी करून नेल्यासारखे. फक्त आमच्या बॅनरच्या काठ्या अजून दगडात रोवलेल्या होत्या.

‘चोरली,’ मी म्हटलं. पहिला विचार तोच आला, आणि कुणावर आला, हेही मी इथे लपवत नाही. पोत्यांना काय भाव येत असेल, कोण नेत असेल, हे सगळं मी मनातल्या मनात जुळवूनही टाकलं. संशयी माणसाला पुरावा लागत नाही, जागा रिकामी मिळाली तरी पुरते.

प्रज्ञा मात्र खाली वाकून बघत होती. ‘सुतळी एकही पडलेली नाही, बाई. कापलेली असती, तर तुकडे असते.’ मग तिने ओहोळाच्या कडेकडेने वर चालायला सुरुवात केली. वाळू सांडत गेल्याची रेघ होती, तिच्या मागे.

पंधरा मिनिटं चढल्यावर ओहोळाला वळण आहे आणि वळणाच्या वरच्या अंगाला पाड्याची विहीर. तिथे, वळणावर, दोन दगडांच्या मध्ये, बंधारा होता. आमचीच पोती. निम्मा रचून झालेला, आणि त्याच्या मागे विहिरीच्या काठापर्यंत पाणी चढत आलेलं, हिरवट, स्थिर, त्यात वरच्या सागाची सावली. पाच-सहा बायका पोती भरत होत्या. आम्हाला बघून सगळ्या थांबल्या. चोर सापडल्यावर थांबतात तशाच, आणि चोर कोण हे मला त्या क्षणी कळेना.

त्यांच्यातली एक पुढे आली. हिराबाई. चाळिशीची, पदर खोचलेला, हाताला कोपरापर्यंत चिखल. तिने आम्हाला ओळखलं.

‘शिटीवाल्या ना तुमी?’

‘हो,’ मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

‘आज कशाला आल्या? आज तर गाडी नाय आली.’

‘बंधारा बघायला आलो,’ प्रज्ञा म्हणाली. ‘तुम्ही तिथून इथे आणला?’

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मग मागून एक हसली आणि सगळ्याच हसायला लागल्या.

‘दर साली आणतो,’ हिराबाई म्हणाली. ‘खाली कातळ हाय, तिथं पाणी टिकतं का? तुमी गेल्यावर पोती सोडायची, वाळू ओतायची, रिकामी वर आणायची, हितं भरायची. आठ दिस लागतात.’

‘मग आम्हाला आधी सांगायचं ना! आम्ही इथेच बांधला असता.’

‘तुमी इचारलं नाय,’ ती म्हणाली. आणि मग जरा मऊ होऊन, ‘आन् सांगितलं असतं, तर हितं गाडी येती का? सायेब येतो का? सायेब नाय तर पोती नाय. पोतीच तर नसतात ओ आमाला. वाळू हाय, दगड हाय, हात हायेत. पोती कुठून आणायची?’

खैरनार सरांचं वाक्य ती त्यांना न भेटता बोलत होती.

‘गाठी मात्र ब्येस हायेत तुमच्या,’ मागची म्हणाली. ‘पयल्या साली लय आवळल्या व्हत्या. कोयत्यानं कापल्या, निम्मी पोती फाटली. दुसऱ्या सालापासून ओढली की सुटती. सुतळी बी वाया जात नाय.’

प्रज्ञाने चपला काढल्या, डोक्यावरचा स्कार्फ घट्ट केला आणि त्यांच्या ओळीत जाऊन बसली. दुपारभर ती पोती भरत होती. मी तोंडं धरत होते. कुणी फोटो काढला नाही. काढावा असं एकदा मनात आलं, ते मी कबूल करते. एकदा गाठ मारताना हिराबाईने तिचा हात धरला आणि म्हणाली, ‘हितं आता घट्ट मार, पोरी. ही सोडायची नाय.’ मग प्रज्ञाने पहिल्यांदा गाठीवर गाठ मारली.

निघताना तिने वही काढली, तेव्हा हिराबाईचा चेहरा बदलला.

‘काय लिवते?’

‘खरं ते. बंधारा तुम्ही वर नेला, पाणी अडलं, असं.’

‘लिवू नको, बाय.’ तिचा आवाज एकदम खाली आला. ‘सायबाचा बंधारा मोडला म्हणतील. पुढल्या साली यायचे नाय. तुमचं लिवून व्हईल, आमची हीर आटंल.’

वही उघडीच राहिली. प्रज्ञाने माझ्याकडे बघितलं. मी विहिरीकडे बघितलं.

परतीच्या जीपमध्ये आम्हाला मागच्या बाजूला, एकमेकींसमोर जागा मिळाली. ऊन उतरत होतं. नागलीच्या कणसांवर त्याचा तांबूस रंग चढला होता आणि जीपमध्ये पेंढ्याचा नि डिझेलचा वास होता. ती म्हणाली,

‘बाई, ते पान मी फाडते. दुसरं काही लिहीत नाही. रिकामं ठेवते.’

‘सेवेची नोंद नसली, तर तुझी फाईल जाणार नाही, प्रज्ञा.’

‘माझीच ना? बाकीच्यांची जाईल ना?’

‘जाईल.’

‘मग झालं. खोटं लिहायचं नाही आणि खरं लिहिलं, तर त्यांची पोती बंद.’ तिने चष्मा पुसला. ‘पप्पा म्हणतात, शंका असली की टॅग लावायचाच नाही. माल बाजूला काढून ठेवायचा.’

‘पण मार्क…’

‘अभ्यास करीन ना, बाई.’

मग तिने डोक्यावरचा स्कार्फ काढला आणि मांडीवर ठेवला. मी खिडकीबाहेर बघायला लागले. घाट उतरेपर्यंत मी मान वळवली नाही. त्या स्कार्फवर माझे हात एकदा पडले होते, आता निदान डोळे तरी पडायला नकोत, असं वाटलं. एसटी स्टँडवर उतरताना पाहिलं, तर टोक सरळ होतं, जरा चुरगळलेलं.

पुढचं थोडक्यात. सव्वीस फायली गेल्या. प्रज्ञाची राहिली. सरांनी तिचं कोरं पान पाहिलं, मला काहीतरी विचारतील असं वाटलं, पण त्यांनी वही मिटली आणि चष्म्याच्या काचा पुसत बसले. दहावीत तिने चांगले गुण मिळवले आणि सरकारी तंत्रनिकेतन थोडक्यात हुकलं. वाढीव गुणांनी मिळालं असतं का? मी ते कागदावर कधी मांडून बघितलं नाही. मांडलं तर कळेल, म्हणून. आता ती सकाळी अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून जाते आणि दुपारी लांबच्या खाजगी कॉलेजात. वडील ओव्हरटाइम करतात. रस्त्यात भेटली की हसते आणि ‘बाई, बऱ्या आहात ना?’ म्हणते. त्या वाक्यातही मी काही शोधते. तिच्या मनात तसं काही नसावं.

आणि मी? मीही कुणाला काही सांगितलं नाही. पुढची दोन वर्षं मोरीपाशी उभी राहून शिटी ऐकली. सेवा म्हणजे काय, यावर मला कुणी भाषण करायला सांगितलं, तर मी आजारी पडेन. त्या ओहोळावर आम्ही सेवा केली, की पाड्याने आम्हाला ती करू दिली, हे मला ठरवता आलेलं नाही. आठ दिवस दुप्पट राबून, आमचा सोहळा मोडायला नको म्हणून गप्प बसणाऱ्या त्या बायकांच्या लुगड्याला कुणी गाठ मारलेली नव्हती.

काल रात्री जेवणं झाल्यावर अखेर पिशवी काढली. बॅनर विरलाय, त्यावर साल बदलत राहिल्याने ठिगळांचा जाड थर झालाय. निळ्या फाईलमध्ये परवानगीपत्रं, पाहुण्यांचे फोन, मुलांच्या रक्तगटांची यादी. आणि शेवटी सूचनांचा एक जुना, पिवळट कागद. दुसऱ्या वर्षीच्या शिबिराचा. सरांचं गोल अक्षर. इस्त्रीचा गणवेश, पाण्याची बाटली, पाहुण्यांसाठी पाच खुर्च्या. आणि अगदी खाली, दोन रेघा मारून: ‘पोत्यांच्या गाठी पटकन सुटतील अशाच बांधून घ्याव्यात. सुतळी कापावी लागू नये.’

दुसऱ्या वर्षीच्या. मी कागद खाली ठेवला, परत उचलला. पयल्या साली लय आवळल्या व्हत्या.

आज सकाळी सरांना फोन केला. पलीकडे कुकरची शिटी झाली. ‘सर, शेवटच्या सूचनेखाली दोन रेघा का मारल्यात?’

‘स्काऊटची गाठ तशीच असते, बाई. पुस्तकात आहे.’

‘पुस्तकात सगळ्याच गाठी आहेत.’

पलीकडे कुकरची दुसरी शिटी झाली.

‘यंदा जागा बदलू का?’

‘मोरीपर्यंतच गाडी जाते,’ ते म्हणाले. मग आवाज जरा खाली घेऊन, ‘शिबिर झाल्यावर आठ-दहा दिवस तिकडे जाऊ नका. मी एकदा गेलो होतो, माझी टोपी राहिली म्हणून. माणसं अवघडतात.’

मला खूप काही म्हणायचं होतं. बहुतेक रागाचं. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, ‘ती पोरगी काय करते आता? चष्म्याची?’

मी सांगितलं. वर्कशॉप, खाजगी कॉलेज, वडिलांचा ओव्हरटाइम.

‘गाठ तिच्यासारखी कुणाला आली नाही,’ ते म्हणाले, आणि बॅनर नवा करून घ्या, जुना टिकायचा नाही, असं सांगून फोन ठेवला.

या माणसाला मी इतकी वर्षं पोकळ समजत होते. आता भरीव समजावं, तर तोच माणूस एका मुलीचं पान कोरं राहताना बघत बसला होता. मीही बसले होते. तेव्हा कुणाबद्दलच मत बदलायची मी घाई करणार नाही.

पण सूचना तर पाठवायच्या होत्या. मी तोच कागद समोर ठेवून उतरवला. जागा: रस्त्यालगत, मोरीपाशी. पाच खुर्च्या. गाठी पटकन सुटतील अशाच. हातच लावला नाही त्याला. गणवेशापुढचा ‘इस्त्रीचा’ तेवढा काढला. मग खाली माझी म्हणून एकच ओळ वाढवली: ‘स्कार्फची गाठ ज्याने त्याने आपापली, आपल्या वेळी सोडावी. शिटी होणार नाही.’

पालकांच्या गटात टाकल्याबरोबर बारा अंगठे आले. मग एका पालकाचा प्रश्न आला, ‘मॅडम, मग गाठ सोडतानाचा फोटो कसा काढायचा?’

मी फोन पालथा ठेवला आणि पिशवीतला सुतळीचा गुंडा काढला.